कुंभयुग लागलं म्हणता, ते कोणत्या पंचांगाने?

गोदाकाठ
सिंहस्थाच्या गप्पांत नाशकात हल्ली एक वाक्य हमखास कानावर येतं: "कुंभयुग लागलंय, म्हणून हा सिंहस्थ वेगळा." मला हे अजिबात पटत नाही. आपला सिंहस्थ गुरू सिंहेत आला की भरतो. त्याचा त्या युगाशी काही संबंध नाही.

या युगाचा हिशोब वसंत संपाताचा, म्हणजे मार्चमध्ये दिवस-रात्र समान होतात तेव्हा सूर्य ताऱ्यांमध्ये जिथे असतो त्या बिंदूचा. तो ज्या राशीत, ते युग. संपात दर वर्षी सुमारे ५० विकला मागे सरकतो, ७२ वर्षांत एक अंश, एका राशीला साधारण २,१५० वर्षं. हे सरकणं खरंच आहे. पण रास कुठून सुरू धरायची हे माणूस ठरवतो. त्या सुरुवातीपासून संपात किती अंश मागे गेला, तो अयनांश. लाहिरी पद्धतीचा अयनांश आज २४ अंशांच्या थोडा पुढे आहे, म्हणजे संपात मीनेच्या सहाव्या अंशात. कुंभेत जायला अजून ४०० वर्षं. टिळक पंचांगाचा अयनांश त्याहून जवळपास चार अंशांनी कमी, म्हणजे ७०० वर्षं. पाश्चात्त्यांचं तर विचारूच नका: ज्योतिषाचे इतिहासकार निकोलस कॅम्पियन यांनी कुंभयुग लागण्याच्या त्यांच्याकडच्या तारखा गोळा केल्या, त्या इ.स. १४४७ पासून ३५९७ पर्यंत पसरल्यात. मग "लागलंय" आलं कुठून?

रोहिणी, पंचवटी
दादा, गणित मान्य. पण युग काही ठरावीक दिवशी दार उघडून आत येत नाही, संधिकाल असतो. संपात वृषभेत होता तेव्हा इजिप्तमध्ये एपिस बैल पुजला जायचा, मेषेत आल्यावर एडक्याच्या रूपातला अमुन मोठा झाला, मीनेत आरंभीच्या ख्रिस्त्यांनी मासा ही खूण घेतली. इतकं सगळं योगायोगाने जुळतं? कुंभ ही वायुतत्त्वाची रास. ज्ञान, समूह, दूरचे संपर्क. आजूबाजूला बघा.

गोदाकाठ
रोहिणीताई, जुळतं तेवढंच उचललंत. एपिसची पूजा रोमन काळापर्यंत चालली, मेष युग उलटून गेल्यावरही. आणि आपण तर आजही पोळ्याला बैलाच्या शिंगांना रंग लावून त्याला पुरणपोळी भरवतो. मग आपण कोणत्या युगात?

कुंडलीवाचक
मी स्वतः पत्रिका बघतो, त्यामुळे फलिताला, म्हणजे भविष्य सांगण्याला, माझा विरोध नाही. पण हे फलित आपलं नाही. आपल्याकडे कुंभेचा स्वामी शनी: कष्ट, शिस्त, विलंब. स्वातंत्र्य, बंड, नवे शोध हे सगळं पाश्चात्त्यांनी कुंभेला जोडलेल्या हर्षल (युरेनस) ग्रहावरून आलं, आणि हर्षल सापडला १७८१ मध्ये. दुसरं, बहुतेक पाश्चात्त्य ज्योतिषी पत्रिका सायन मांडतात, म्हणजे राशी ताऱ्यांवरून नाही तर संपातापासूनच मोजतात. त्यात संपात कायम मेषेच्या शून्य अंशावर, तो हलतच नाही! युगाची गोष्ट निघाली की मात्र त्यांना तारे आठवतात. रामकुंडावर संकल्पात आपण "कलियुगे प्रथमचरणे" म्हणतो. ते कलियुग इ.स.पू. ३१०२ पासून ४,३२,००० वर्षांचं. त्यात मीन युग, कुंभ युग कुठे बसवणार?

रोहिणी, पंचवटी
काका, आपलं नाही कसं? टिळकांनी १८९३ च्या 'ओरायन'मध्ये संपात मृग नक्षत्रात असल्याच्या खुणा शोधूनच वेदांचा काळ मागे नेला ना? संपाताची जागा ही काळाची खूण, हे आपल्याच माणसाने मांडलं.

गोदाकाठ
टिळकांनी त्यातून काळ काढला, भविष्य नाही सांगितलं. माझं भांडण नेमकं एवढ्याचसाठी आहे. संक्रांत १४ ची १५ जानेवारीला सरकते, ती याच अयनचलनामुळे, म्हणजे संपात सरकण्यामुळे. ते मोजता येतं, पोराटोरांना दाखवता येतं. "माणसं आता एक होतील" हे कशाने मोजणार? आणि ते ऐकून कुणी सिंहस्थात खास शांतीसाठी पैसे मोजले तर?

रोहिणी, पंचवटी
शांतीच्या नावाने पैसे उकळणं मलाही मान्य नाही, तिथे मी तुमच्या बाजूने. पण अर्थ लावणं सोडा म्हणाल तर नाही सोडणार.

कुंडलीवाचक
मग एवढं तरी करा: कुंभयुग म्हणताना अयनांश कोणता धरला तेही सांगत जा. लाहिरी धरलात तर आणखी ४०० वर्षं मीनच चालू आहे.