गीत क्रमांक सांगा, आणि तो दिवसही: कठीण काळात साथ दिलेली ख्रिस्ती गीतं

बाबांना जाऊन येत्या नाताळात दोन वर्षं होतील. आमच्या चर्चच्या मंडळीत त्यांनी छत्तीस वर्षं पेटी वाजवली. घर पुण्याच्या गुरुवार पेठेत, पंचहौदच्या पवित्र नाम देवालयाच्या मनोऱ्यापासून पाच मिनिटांवर. आमची मंडळी वेगळी, पण रविवारी सकाळी घड्याळ मात्र त्या मनोऱ्याचं. तिथल्या आठ घंटांचा नाद सुरू झाला की बाबा चहाचा कप खाली ठेवायचे आणि पेटी उचलायचे.

ते गेल्यावर मला प्रार्थना करता येईना. हे मी पहिल्यांदाच लिहिते आहे. डोळे मिटायचे, "हे स्वर्गीय पित्या" एवढं म्हणायचं आणि पुढे काही नाही. पाळकसाहेब येऊन गेले, महिला मंडळाच्या बायका डबे घेऊन आल्या, सगळे मायेनं बोलले. मला ते ऐकू यायचं, आत उतरायचं नाही.

मग पावसाळ्यात कपाटाला वाळवी लागली म्हणून सगळं बाहेर काढलं, तेव्हा त्यांचं 'उपासना संगीत', आमच्या गीतांचं पुस्तक, हाती आलं. वर्तमानपत्राचं कव्हर, त्याला रबरबँड, पानांच्या कडा बोटांनी काळवंडलेल्या. जवळजवळ प्रत्येक गीताशेजारी पेन्सिलीनं पट्टी लिहिलेली. काळी दोन. पांढरी चार. "बायका जास्त असल्या तर काळी एक." काही गीतांशेजारी बारीक अक्षरात तारखा होत्या. त्या कसल्या हे मला उमगेना. आईनं चष्मा लावून पाहिलं आणि म्हणाली, "अगं, ज्या ज्या मातीला हे गीत वाजवलं ना, त्या दिवसांच्या." एका गीताशेजारी सात तारखा होत्या आणि त्यांच्याखाली लिहिलं होतं: "सावकाश घे. इथे लोक रडतात."

ते गीत मी तिथेच, जमिनीवर पसरलेल्या पुस्तकांमध्ये बसून, हळू आवाजात म्हटलं. सावकाश घेतलं. आठ महिन्यांत केलेली ती माझी पहिली प्रार्थना. शब्द दुसऱ्या कुणाचे होते, चाल दुसऱ्या कुणाची, आणि तरी माझं सगळं त्यात बसलं. तेव्हापासून मला वाटतं की गीतं असतात ती याचसाठी. आपले शब्द संपतात तेव्हा आधीच कुणीतरी ते लिहून, चाल लावून ठेवलेले असतात. स्तोत्रसंहितेत 150 स्तोत्रं आहेत, आणि त्यांतली कितीतरी "परमेश्वरा, कुठवर?" असं विचारणाऱ्यांची आहेत. तो प्रश्नही आपल्याला गाऊन विचारता येतो, हे मला बाबांच्या वहीसारख्या त्या पुस्तकानं शिकवलं.

म्हणून या धाग्यावर सगळ्यांना विचारते. तुमचं गीत कोणतं? कोणत्या दिवशी ते धावून आलं? तो दिवस सांगा, नुसतं नाव नको. ख्रिस्ती असायलाच हवं असं मुळीच नाही.

खडकीहून, निवृत्त परिचारिका

सलाम ताई. बाबांच्या तारखांचं वाचून थोडा वेळ पुढे वाचवेना.

माझं गीत इंग्रजी आहे, 'अबाइड विथ मी'. वडील दारूगोळा कारखान्यात होते. दर 29 जानेवारीला दिल्लीचा बीटिंग रिट्रीट, म्हणजे सैन्यदलांच्या बँडचा कार्यक्रम, टीव्हीवर लागायचा आणि त्यात ही धून वाजायची, तेव्हा ते खुर्चीतून उठून उभे राहायचे. ती संपल्याशिवाय घरात कोणी बोलायचं नाही. 2022 साली ती कार्यक्रमातून वगळली. त्या संध्याकाळी मी मोबाइलवर लावली, त्यांच्या खुर्चीपाशी उभी राहून. वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू.

पण मला सांगायचंय ते वॉर्डातलं. मी बरीच वर्षं क्षयाच्या वॉर्डात रात्रपाळी केली. दोन ते चार ही वेळ सगळ्यात वाईट. खोकला वाढतो, माणूस घाबरतो, आणि नातेवाईक बाहेर बाकावर झोपलेले असतात. सलाइन बदलताना मी अगदी तोंडातल्या तोंडात हे गीत गुणगुणायची, मुख्यतः स्वतःसाठीच. मुळशीकडचे एक आजोबा होते. दुसऱ्या रात्री म्हणाले, "सिस्टर, ते कालचं म्हना." मी म्हटलं, आजोबा, ते इंग्रजी आहे. "आसू द्या. म्हना."

म्हटलं. मग त्यांनी अर्थ विचारला. मी सांगितलं की सांज झालीय, अंधार वाढतोय, देवा तू माझ्यापाशी थांब, एवढंच आहे त्यात. लूकच्या शुभवर्तमानात अम्माऊसच्या वाटेवरचे शिष्य येशूला तेच म्हणतात ना, दिवस उतरलाय, आमच्याकडे राहा. आजोबा थोडं थांबून म्हणाले, "आमच्यात बी दिवा लावल्यावर आसंच म्हनत्यात."

हे गीत लिहिणारे हेन्री फ्रान्सिस लाइट स्वतः क्षयानं खंगलेले पाळक होते, हे मला फार उशिरा कळलं. 1847 साली गीत झालं आणि त्याच वर्षी ते गेले. आज आपण गातो ती विल्यम हेन्री मंक यांची चाल 1861 ची, ती त्यांनी कधी ऐकलीच नाही. हे वाचलं तेव्हा मला माझे सगळे बेड आठवले, एक ते चोवीस. क्षयाच्या माणसानं लिहिलेलं गीत मी क्षयाच्याच माणसांपाशी म्हणत होते आणि मला माहीतही नव्हतं. देवानं जुळवून आणलं असं मी मानते. आजोबा नवव्या दिवशी गेले. त्या रात्री मी ड्युटीवर होते, याचं आजही समाधान आहे.

धायरीहून

मी ख्रिस्ती नाही. घरात वारी आहे, आजोबांपासून. लिहू का, असा विचार करत होतो, पण तुम्हीच बोलावलंत.

नारायण वामन टिळक मला शाळेत भेटले, जखमी पक्षिणीच्या कवितेतून. ते रेव्हरंड टिळक होते, ख्रिस्ती झाले होते, हे मास्तरांनी एका वाक्यात सांगितलं आणि पुढे गेले. मित्राचे वडील वारले तेव्हा मी पहिल्यांदा दफनभूमीत गेलो. कसं वागायचं ठाऊक नव्हतं, चपला काढायच्या की नाही इथपासून. शवपेटी खाली उतरवताना त्यांच्यातल्या एका म्हाताऱ्यांनी गायला सुरुवात केली आणि मी दचकलो. अभंग होता! टाळ नव्हते, मृदंग नव्हता, पण छंद तोच, आर्जव तेच, देवाला माउली म्हणणं तेच. आमच्या आळीत एकादशीला जसं कानावर पडतं तसंच. फक्त विठ्ठलाच्या जागी ख्रिस्त.

नंतर मित्रानं सांगितलं की ही टिळकांची रचना. मग मी शोधून वाचलं. कोकणातला चित्पावन माणूस, जन्म 1861 चा, बाप्तिस्मा 1895 साली मुंबईत. घरच्यांचं, समाजाचं किती तुटलं असेल त्यांचं. तरी म्हणायचे की आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्तापाशी आलो. त्यांना पूल पाडावासा वाटला नाही, त्यावरून चालत राहावंसं वाटलं. मला हे फार मोठं वाटतं.

पुढे माझा भाऊ अपघातात गेला. घरी हरिपाठ चालू होता, मी म्हणत होतो, पण रात्री एकटा गच्चीवर असायचो तेव्हा मला त्या दफनभूमीतला तो थरथरता आवाज आठवायचा. का ते सांगता येत नाही. कदाचित परक्यांच्या दुःखात आपली भाषा ऐकली होती म्हणून असेल. मी वारकरीच आहे आणि राहीन. पण त्या गीतानं मला त्या दिवसांत उभं ठेवलं, हे त्या मंडळींना कळावं असं वाटत होतं.

धागाकर्ती

दादा, तुम्ही लिहिलंत याचा किती आनंद झाला. तुम्ही वर्णन केलेली पद्धत आमच्याकडे अजून आहे. कबरीपाशी पेटी नेता येत नाही, मग ज्याला पाठ असेल तो जुना माणूस उचलतो आणि बाकीचे मागून घेतात. टिळकांच्या बऱ्याच रचनांचे इंग्रजी अनुवाद पुण्यातच राहणाऱ्या निकोल मॅक्निकोल या स्कॉटिश मिशनरींनी केले. म्हणजे आपला अभंग पार तिकडच्या देवळांतही पोचला.

नाना पेठ

आम्ही कॅथलिक, मूळचे वसईकडचे. आजीला 'तान्तुम एर्गो' हे गीत तोंडपाठ, लॅटिन, एका अक्षराचा अर्थ माहीत नव्हता. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर मिस्सा, म्हणजे आमची उपासना, मराठीत आली आणि तेव्हा ती म्हणे पहिल्या रविवारी हसली आणि मग रडली. "इतकी वर्षं देवाशी बोलत होते, आज मला कळलं काय बोलत होते ते." पण शेवटच्या आजारात तिला पुन्हा लॅटिनच हवं असायचं. मी तिच्या उशाशी बसून चुकीच्या उच्चारांत म्हणायचे आणि ती डोळे मिटूनच बोट उचलून दुरुस्त करायची.

केडगावजवळून

माझी पणजी 1897 च्या दुष्काळात पंडिता रमाबाईंनी मध्य प्रांतातून आणलेल्या मुलींपैकी. किती वर्षांची होती हे तिलाही माहीत नव्हतं. भाषाही आपली नव्हती. मराठी ती इथे येऊन गाण्यांतूनच शिकली, असं आजी सांगायची. जात्यावर बसली की येशूच्या ओव्या. पहिली ओवी, दुसरी ओवी, अशा. आजीला त्यांतल्या चार येत होत्या, आईला दोन येतात, मला एक. लिहून ठेवायला हवी होती. हा धागा वाचून काल रात्री आईला फोन केला आणि दोन्ही उतरवून घेतल्या.

वाकडहून

मी ताईंच्या प्रश्नाचं थोडं उलटं उत्तर देतो. माझं गीत असं आहे जे मला गाता येत नाही.

मी चर्चमध्ये तरुण संघात गिटार वाजवायचो. 'इट इज वेल विथ माय सोल' मला फार आवडायचं, आणि त्यामागची गोष्टही मी नवीन मुलांना रंगवून सांगायचो. शिकागोचे वकील होरेशिओ स्पॅफर्ड. 1873 साली बायको आणि चार मुली जहाजानं युरोपला निघाल्या, अटलांटिकमध्ये टक्कर होऊन जहाज बुडालं, चारही मुली गेल्या. बायको वाचली. तिची तार आली, एकटीच वाचले. त्यानंतर त्यांनी हे लिहिलं, की काहीही होवो, माझ्या जिवाचं बरं आहे. मी सांगायचो आणि मुलं गप्प व्हायची. मला वाटायचं मला ते कळलंय.

गेल्या वर्षी आमचं बाळ सहाव्या महिन्यात गेलं. मुलगी होती. डॉक्टरांनी एका पांढऱ्या टॉवेलात गुंडाळून दाखवली, माझ्या तळहाताएवढीच होती, नखं होती.

तीन आठवड्यांनी उपासनेला गेलो आणि नेमकं तेच गीत. पहिल्या ओळीला मी गिटार खाली ठेवली. मला राग आला होता, स्पॅफर्डचा, स्वतःचा, देवाचा. कसं काय बरं आहे? कोण असं म्हणू शकतं? मी नुसता उभा राहिलो. शेजारी बायको गात होती. आवाज फुटत होता, एक ओळ सुटायची, पुढची धरायची. मागच्या बाकावरच्या काकू गात होत्या. त्यांचा मुलगा तरुणपणीच गेलेला. सगळी मंडळी गात होती आणि मी गप्प होतो.

त्यानंतर चार-पाच वेळा ते गीत आलं. मी अजून तोंड उघडलेलं नाही. पण निघूनही गेलो नाही. मला असं वाटू लागलंय की जे मला आज म्हणता येत नाही ते ही माणसं माझ्या वाटचं म्हणत आहेत, माझ्या वाटचं ओझं दोन पावलं नेल्यासारखं. माझा विश्वास सध्या एवढाच आहे. त्याला विश्वास म्हणायचं की नाही, ठाऊक नाही.

खडकीहून, निवृत्त परिचारिका

म्हणायचं बाळा. घरी या दोघं. खरंच या.

धागाकर्ती

वाकडच्या दादांचं काल रात्री वाचलं आणि लगेच काही लिहवलं नाही. सकाळी पुन्हा बाबांचं पुस्तक काढलं. कव्हरचा कागद फाटत आलाय म्हणून बदलायला घेतला, तर आतल्या पुठ्ठ्यावर पेन्सिलीनं सूचना लिहिलेल्या दिसल्या, बहुतेक नवीन पेटी शिकणाऱ्या कुणासाठी. भाता एका लयीत. पाळक उभे राहिल्याशिवाय सूर द्यायचा नाही. शेवटचं कडवं ओढायचं नाही. आणि सगळ्यात खाली, दोनदा अधोरेखित करून:

"गाता गाता कोणी थांबलं तर तिकडे बघायचं नाही. पेटी चालू ठेवायची. ते येतील."