सेवाभावाचे गोडवे पुरे, रात्री मजल्यावर हात किती आहेत ते बोला

निशाचर
'वृद्धाश्रमात काम करणाऱ्यांनी पगाराकडे बघू नये, सेवेचं समाधान हाच त्यांचा मोबदला' असा एक लेख परवा वाचला. खाली 'वंदनीय', 'नतमस्तक' अशी रांग. दोन ओळींत उत्तर द्यायला बसले, आवरेना, म्हणून वेगळा धागा काढलाय.

मी हेच काम करते, बहुतेक रात्रपाळीला. समाधान मिळतं, नाही कशाला म्हणू? पण कशातून मिळतं ते तरी लिहायचं. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची साधारण दर दोन तासांनी कूस बदलावी लागते. माकडहाड, खुबे, टाचा नीट बघायच्या. कातडी लाल दिसली तर बोटाने दाबायचं. बोट उचलल्यावर तिथे क्षणभर पांढरं पडलं तर ठीक. लालच राहिलं तर आत इजा सुरू झालीय. मग टाच अधांतरी राहील अशी पोटरीखाली उशी, वहीत नोंद, पुढच्या पाळीला तोंडी सांगणं. काही दिवसांनी ती कातडी पूर्ववत दिसते तेव्हा मला जे वाटतं, त्यासाठी मी या कामात टिकून आहे. त्याचं कौतुक कुणी करत नाही, कारण जखम झालेलीच नसते.

आता त्याच मजल्यावर रात्री एकटी बाई ठेवा. दोन तासांची फेरी चारवर जाते. सेवाभाव तेवढाच असतो, पण पहाटे चादर बदलताना फुटलेली कातडी दिसते. त्या सकाळी कुठलं समाधान घेऊन घरी जायचं, हे त्या लेखकाने सांगावं.

सडेतोड
माफ करा, पण पगार आणि माणसं वाढवली की माया वाढते हे मला पटत नाही. वडिलांना चांगल्या महागड्या जागी ठेवलं होतं. माणसं भरपूर होती. तरी भेटायला जावं तर डायपर ओला आणि टीव्हीसमोर खुर्च्यांची रांग. त्यांना आधार दिला तर संडासापर्यंत चालता येत होतं! पण चालवत नेण्यापेक्षा डायपर बांधणं सोपं. ज्यांना आतून ओढ नाही त्यांनी या कामात येऊच नये.

निशाचर
डायपरबद्दल तुमचा संताप रास्त आहे. चालता येणाऱ्याला डायपर बांधला की त्याचं चालणंही जातं, हे मी कितीदा बघितलंय. पण 'आतून ओढ' बघून माणसं घेणार कशी? नोकरीच्या मुलाखतीत सगळ्यांनाच ओढ असते. नेऊन आणायला किती वेळ लागतो हे ज्याने वेळापत्रकात धरलंच नाही, त्याला कधी जाब विचारलात का?

पारिजात
दोघंही कर्मचाऱ्यांबद्दलच बोलताय. तिथे राहणाऱ्यांचं काय? एलेन लँगर आणि ज्युडिथ रोडिन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांचा वृद्धाश्रमातला 1976चा प्रयोग आठवा. एका मजल्यावरच्या वृद्धांना सांगितलं की तुमचं तुम्ही ठरवा, झाड हवं तर निवडा आणि तुम्हीच त्याची निगा राखा. दुसऱ्या मजल्यावर झाडं दिली, पण पाणी घालणार परिचारिका. पहिला गट जास्त उत्साही आणि जागरूक राहिला. आमच्याकडे मी रोज सकाळी विचारते, कुठला सदरा घालायचा? निवडायला वेळ लागतो, पण दिवसभर माणूस वेगळाच असतो. माझ्या कामाचा अर्थ मला त्यात सापडतो.

काठावरचा
त्या प्रयोगाचा फार उदोउदो होतो. गट लहान होते. नंतर मृत्यूंची तुलना छापली, त्यातल्या सांख्यिकी चुकीची दुरुस्ती त्या दोघींनाच प्रसिद्ध करावी लागली, आणि फरक पहिल्याइतका ठाम उरला नाही. सदरा जरूर निवडू द्या, त्याला प्रयोगाचा दाखला कशाला हवा?

पारिजात
बरं, दाखला मागे घेते. सदरा घेत नाही.

आमच्याकडच्या एक आजी संध्याकाळ झाली की दाराशी येऊन विचारतात, "हे अजून कसे आले नाहीत?" यजमान जाऊन कित्येक वर्षं झाली. मी म्हणते, "येतीलच, बसा." त्या बसतात. मला यात काही गैर वाटत नाही.

धाकटी सून
मला वाटतं! सासूबाईंना स्मृतिभ्रंश आहे, आश्रमात त्यांनाही हेच सांगितलं जायचं. एकदा त्या रात्रभर दाराशी बसून राहिल्या, 'येणार' म्हणून सांगितलं होतं ना! विसरतात म्हणून काहीही सांगायचं? आयुष्यभर कुणाला खोटं बोलू दिलं नाही त्यांनी.

सडेतोड
मग काय, रोज संध्याकाळी नवऱ्याच्या मरणाची बातमी द्यायची? वडिलांना आई गेल्याचं मी असंच 'खरं' सांगितलं होतं. ते पहिल्यांदा ऐकल्यासारखे कोसळले. दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच प्रश्न. घरी बसून तत्त्वं सांगणं सोपं आहे.

धाकटी सून
मी घरी बसून बोलत नाहीये. तुमच्या वडिलांना तुम्ही आठवड्यातून किती वेळा भेटत होतात ते आधी सांगा.

काठावरचा
अहो, आवरा. मूळ विषय कामाचा अर्थ होता.

निशाचर
विषय हाच आहे, चालू द्या. या कामातली सगळ्यात अवघड वेळ संध्याकाळची. उजेड कमी झाला की स्मृतिभ्रंश असलेल्यांपैकी बऱ्याच जणांची घालमेल वाढते. स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धांशी कसं बोलावं याची पद्धत घडवणाऱ्या अमेरिकेतल्या समाजकार्यकर्त्या नाओमी फाइल यांचं बालपण आईवडील चालवत असलेल्या वृद्धाश्रमातच गेलं. पुढे वृद्धांबरोबर काम करतानाच त्यांनी ती घडवली. खोटं बोलायचं नाही आणि चूकही काढायची नाही. विचारणाऱ्याच्या मनात काय चाललंय तिकडे वळायचं. "आठवण येतेय ना? ते घरी आले की काय करायचे?" मी हे करून बघितलंय. आजी बोलत बसतात आणि दार विसरतात. पण त्याला वीस मिनिटं जातात. 'येतीलच' म्हणायला दोन सेकंद. एकटी असले की मीही 'येतीलच' म्हणते, आणि तेव्हा दुसऱ्या खोलीत कुणाची तरी कूस बदलायची राहिलेली असते.

सडेतोड
हे वीस मिनिटांचं गणित मी कधी मांडलं नव्हतं. तेवढ्यापुरतं तुमचं मान्य. डायपरचं मात्र मी विसरणार नाही, तिथे माणसं होती. आणि मी किती वेळा भेटायला जायचो याचा हिशेब इथे कुणाला देणार नाही.

धाकटी सून
नका देऊ. ते विचारायला नको होतं एवढंच म्हणेन. 'येतीलच' मला अजूनही मान्य नाही. आज संध्याकाळी त्यांनी विचारलं तर सासऱ्यांचं कामावरून घरी येणं कसं असायचं तेच विचारून बघते.

निशाचर
विचारा. आणि त्या जे सांगतील ते पाळीच्या वहीत लिहून ठेवायला सांगा. सासऱ्यांच्या सवयी आम्हाला कुठून माहीत असणार? रात्री दाराशी त्या पुन्हा आल्या, तर ड्युटीवर असेल तिला तेच उपयोगी पडेल.