जुनी व्ही-क्रॉस फोर बाय फोर घ्यायची आहे: गाडी वडोदऱ्यात, मी इंदुरात

सुदामानगरवाला
नमस्कार मंडळी. इसुझू डी-मॅक्स व्ही-क्रॉस पिकअप बघतोय. जून २०१९ ची, अडीच लिटर बीएस-४ (प्रदूषणाचा जुना निकष) डिझेल, पाच गिअर मॅन्युअल. जीजे-०६ पासिंग, पहिलाच मालक, मीटरवर ६१,००० किलोमीटर, मागणी साडेबारा लाख. पुढे लोखंडी बुल बार आहे, पुढून दोन इंच उंच (लिफ्ट) केलीय, टायर २६५/६५ आर१८ ऑल-टेरेन, म्हणजे डांबर आणि कच्चा रस्ता दोन्हींचे (कंपनीचे २५५/६० आर१८ होते). मालक म्हणतो, "फोर बाय फोर कधी लागलंच नाही, नव्यासारखं आहे."

वापर: आठवड्यातून एकदा चोरलच्या पुढे शेतावर. पावसाळ्यात शेवटचे तीन किलोमीटर काळी माती. बाकी शहरात. शनिवारी बघायला जाणार, हातात एकच दिवस. काय बघू आणि कोणत्या क्रमाने? एमपी-०९ (इंदूरचा नंबर) करून घेताना काय अडतं? की थांबून बीएस-६ (नवा निकष) ची १.९ लिटरची घेऊ?

पाटे_आणि_पाने
क्रम असा: गार इंजिन, मग गाडीखाली, चालवणं सगळ्यात शेवटी. लोक आधी चालवतात, उंचावर बसून खूश होतात, मग खाली कोण वाकणार!

शुक्रवारी रात्रीच वडोदरा गाठा. मालकाला बजावून ठेवा की सकाळी गाडी सुरू करू नका. गेल्या गेल्या बॉनेटवर हात ठेवा. कोमट लागलं तर दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा या, त्याशिवाय निर्णय नाही. गार इंजिन लगेच पेटलं पाहिजे. पांढरा धूर मिनिट-दोन मिनिटांत विरला नाही आणि डिझेलचा उग्र वास येत राहिला, तर इंजेक्टरवर संशय घ्या. इंजिन चालू असताना ऑइलचं झाकण सैल करा. थोडी वाफ चालते. झाकण थडथड उडायला लागलं तर पिस्टनच्या रिंगा गेल्या.

आता ते "कधी लागलंच नाही" प्रकरण. ही जमेची बाजू नाही. पुढची चाकं जोडणारा, मोटरवर चालणारा अ‍ॅक्च्युएटर वर्षानुवर्षं हलला नाही की अडकतो, कनेक्टरमध्ये गंज धरतो, ट्रान्सफर केसचं (ताकद पुढच्या-मागच्या चाकांना वाटणारा गिअरचा डबा) ऑइल बदलायचं कोणाच्या ध्यानातही राहत नाही. चाचणी मुरमाच्या किंवा मातीच्या मोकळ्या जागेत घ्या, डांबरावर अजिबात नको. हळू चालवत नॉब २एच (फक्त मागची चाकं) वरून ४एच (चारही चाकं) वर न्या. डॅशबोर्डवरचा दिवा लुकलुकून काही सेकंदांत स्थिर व्हायला हवा. मग स्टिअरिंग पूर्ण वळवून धिम्या गतीने गोल फिरवा. गाडी ब्रेक लावल्यासारखी अडखळली तर पुढची चाकं खरोखर जोडली गेली आहेत. मोकळी फिरली तर दिवा खोटा बोलतोय. ४एल (चारही चाकं, वेग कमी, जोर जास्त) साठी पूर्ण थांबा, न्यूट्रल, क्लच दाबलेला, नॉब फिरवून वाट बघा. दिवा लुकलुकतच राहिला तर दोन फूट पुढे-मागे करून पुन्हा. तरीही तेच असेल तर अ‍ॅक्च्युएटर किंवा वायरिंगचं काम किमतीतून वजा करा.

खाली शिरल्यावर मागचा हौदा आणि केबिन यांच्यातली फट दोन्ही बाजूंनी सारखी आहे ना ते बघा. नसेल तर चेसिस वाकलेली असू शकते, किंवा हौदा उतरवून पुन्हा बसवलाय. चेसिसवर नवा काळा रंग फासलेला दिसला तर खाली वेल्डिंग शोधा. मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांत एखादा पाटा रंगाने वेगळा असेल तर जादा घातलाय, म्हणजे गाडीने ओझं वाहिलंय.

पुढच्या लिफ्टमुळे सीव्ही जॉइंट (पुढच्या चाकाला ताकद देणाऱ्या दांड्याचा सांधा) तिरका चालतो. त्याचं रबरी बूट फाटतं, ग्रीस उडतं आणि चाकाच्या आतल्या बाजूला काळी फवारणी दिसते. चाक जॅकवर उचलून वर-खाली धरून हलवा: ढिलं असेल तर बॉल जॉइंट किंवा बेअरिंग. डावी-उजवीकडे धरून हललं तर टाय रॉड (स्टिअरिंगचा दांडा).

मीटरबद्दल एक हिशेब. कंपनीच्या टायरचा व्यास सुमारे ७६३ मिलिमीटर, आत्ताच्यांचा ८०२. पाच टक्के फरक. हे टायर पहिल्यापासून असतील तर ६१,००० म्हणजे खरे ६४,०००. टायरवरच्या चार आकड्यांच्या शिक्क्यावरून (पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष) ते कधीचे आहेत कळेल. चारही एकाच मापाचे आणि साधारण सारखे झिजलेले हवेत, नाहीतर ४एच मध्ये ट्रान्सफर केसवर ताण येतो.

विश्वामित्रीकाठ
वडोदऱ्याची गाडी म्हटल्यावर पहिला प्रश्न: ऑगस्ट २०२४ च्या अखेरीस ती कुठे उभी होती? विश्वामित्री नदीचं पाणी शहरात शिरलं तेव्हा पार्किंगमधल्या गाड्या बुडाल्या. धुऊन-पुसून विकलेल्या गाडीला वरून काही दिसत नाही.

विम्याचे कागद मागा. पहिल्या मालकाने कधीच क्लेम घेतला नसेल तर नो क्लेम बोनस (क्लेम न घेतल्याबद्दल हप्त्यातली सूट) २०, २५, ३५, ४५ असा चढत २०२४ च्या नूतनीकरणात ५० टक्के झाला असेल. जूनची पॉलिसी असल्यामुळे २०२५ मध्ये तो एकदम शून्य दिसला तर मधल्या वर्षात क्लेम झालाय. कशाचा, हे सर्व्हिस सेंटरच्या बिलांवरून विचारा. बोनस शाबूत म्हणून निर्धास्त होऊ नका. पूर्ण विमा नसलेल्या लोकांनी गाड्या स्वखर्चाने सुकवल्या.

म्हणून प्रत्यक्ष बघा. सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढा, आतल्या टोकाला मातकट रेघ राहते. सीटच्या रुळांचे बोल्ट, डॅशबोर्डखालचे ब्रॅकेट, कार्पेटखालचा नमदा तपासा. रुळ गंजलेले आणि कार्पेट कोरं करकरीत असेल तर उत्तर मिळालं.

डिफरन्शिअलमध्ये (डावी-उजवी चाकं फिरवणारा गिअरचा डबा) पाणी शिरतं ते बहुतेक ब्रीदरमधून, म्हणजे हवा ये-जा करायच्या नळीतून. तापलेला अ‍ॅक्सल गार पाण्यात गेला की आतली हवा आकसते आणि पाणी ओढून घेते. रात्रभर उभ्या गाडीत पाणी तळाला बसतं. सकाळी गॅरेजवाल्याकडून आधी वरचा भरायचा प्लग सैल करून घ्या (तो अडकला असेल तर खालचा उघडूच नका, काढलेलं ऑइल परत भरता येणार नाही), मग खालचा जरासा. पहिले थेंब पाण्याचे किंवा ऑइल दुधाच्या चहासारखं निघालं तर बेअरिंगचं आयुष्य कमी झालंच. पुढचं डिफ, मागचं डिफ आणि ट्रान्सफर केस, तिन्ही.

फॉर्म_२९
कागदांचं. आरसीवर वाहन वर्ग खासगी आहे ना बघा. मालवाहू म्हणून नोंद असेल तर फिटनेसची तपासणी मागे लागते. परिवहनच्या संकेतस्थळावर नंबर टाकून कर्जाचा बोजा आणि चलान तपासा. बोजा असेल तर बँकेचं पत्र आणि फॉर्म ३५ आधी, पैसे नंतर.

वडोदरा आरटीओची एनओसी (ना हरकत प्रमाणपत्र) फॉर्म २८ वर, हस्तांतरणाला २९ आणि ३०, इंदूरला नव्या नंबरसाठी २७. दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांहून जास्त ठेवायची असेल तर नवा नंबर बंधनकारक आहे, मोटार वाहन कायदा कलम ४७. मध्य प्रदेशचा टॅक्स नव्याने भरावा लागेल, तो आत्ताच विचारून सौद्यात धरा. गुजरातचा परतावा वडोदऱ्यातून मागायचा, त्या अर्जावरही सह्या शनिवारीच घ्या. नंतर मालक फोन उचलेलच असं नाही.

आणि तो बुल बार. केंद्रीय परिवहन मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्येच राज्यांना अशा गार्डांवर कारवाई करायला सांगितलंय. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही कलम ५२ चा आधार घेऊन सांगितलं की कंपनीच्या मूळ रचनेत बदल करता येत नाही. नंबर बदलताना गाडी आरटीओत तपासणीला न्यावीच लागते. मूळ बंपरचे भाग, मूळ चाकं आणि काढलेले स्प्रिंग सौद्यातच मागून घ्या.

सुदामानगरवाला
नो क्लेम बोनसचं डोक्यातच आलं नव्हतं, आजच पॉलिसी मागवतो. ओबीडी स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले बिघाडाचे कोड वाचणारं यंत्र) नेऊ का? आणि बीएस-६ चं राहिलं.

पाटे_आणि_पाने
न्याच. नुसता "एरर नाही" हा निकाल धरू नका, "कोड पुसल्यानंतरचं अंतर" हा आकडा वाचा. तो १५ किलोमीटर निघाला तर कोड काल पुसलेत, मग निदान तासभर चालवून पुन्हा लावा. चढाची चाचणी करायची तर पावागढ बाजूला जाता येईल. चौथ्या गिअरमध्ये १,५०० आरपीएमवरून पूर्ण पाय द्या. आरपीएमचा काटा चढला पण वेग नाही वाढला तर क्लच संपलाय. मोठ्या टायरांमुळे तो लवकर जातोच.

बीएस-६ ची १.९ ताकदीला सरस: १६३ पीएस आणि ३६० एनएम, अडीच लिटरचे १३६ आणि ३२०. तिच्यात डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारी जाळी) आहे. फक्त शहरात राजवाडा ते पलासिया फिरणाऱ्याचा तो तुंबतो, तुम्ही दर आठवड्याला शेतावर खंडवा रोडने जाणार असाल तर मोकळा होत राहील. डिपस्टिकवर ऑइल वाढलेलं दिसलं तर त्यात डिझेल मिसळलंय, अशी गाडी सोडा. पण साडेबारात १.९ मिळाली तरी जास्त किलोमीटर चाललेली मिळेल, म्हणून हीच आधी नीट बघा.

काळ्या मातीत ऑल-टेरेनची नक्षी दोन फेऱ्यांत लिंपली जाते, मग गुळगुळीत टायरच. ४एच, दुसरा गिअर, एकसारखा पाय, मध्ये थांबायचं नाही. पाऊस मुसळधार असेल तर गाडी डांबरावर ठेवून चालत जा.

विश्वामित्रीकाठ
पावागढ वडोदऱ्याहून पन्नासेक किलोमीटर, जाऊन-येऊन स्कॅनरची चाचणीही होते. फक्त माचीच्या रस्त्यावर शनिवारी दर्शनाची गर्दी असते, तेवढा वेळ हाताशी धरा.