रिसर्च स्टेटमेंट: झालेल्या कामाला किती जागा आणि पुढच्या योजनेला किती?

जिज्ञासा

जीवशास्त्राच्या विभागांत असिस्टंट प्रोफेसर पदासाठी अर्ज करायचे आहेत. त्यासोबत रिसर्च स्टेटमेंट, म्हणजे झालेलं संशोधन आणि पुढची योजना सांगणारा कागद, द्यायचा आहे. विषय पर्सिस्टर पेशींचा, म्हणजे प्रतिजैविक दिल्यावर बाकीचे जिवाणू मरतात तेव्हा जनुकीय प्रतिकार नसतानाही तगून राहणाऱ्या मोजक्या पेशी. स्टेटमेंटचा मसुदा पाच पानांचा झालाय. पहिलं पाऊण पान इतिहास (१९४४ सालची जोसेफ बिगर यांची पेनिसिलिनवरची निरीक्षणं तिथपासून), मग सव्वादोन पानं पीएचडी आणि पोस्टडॉकचं (पीएचडीनंतरच्या तात्पुरत्या संशोधनपदावरचं) काम, शेवटी दोन पानं पुढची योजना.

योजनेत तीन उद्दिष्टं आहेत: (१) पेशी कोणत्या जनुकांमुळे सुप्तावस्थेत जातात ते शोधणं, (२) त्या जनुकांचं काम रोखणारी रसायनं शोधणं, (३) ती रसायनं बायोफिल्मवर, म्हणजे पृष्ठभागाला चिकटून वाढणाऱ्या जिवाणूंच्या थरावर, तपासणं. पद्धत मुख्यतः मदर मशीनमध्ये (जिवाणू ज्यांत एका रांगेत वाढतात अशा हजारो अतिसूक्ष्म नळ्यांचं यंत्र) एकेक पेशी सूक्ष्मदर्शकाखाली बघण्याची. पोस्टडॉकच्या लॅबमध्ये सध्या पहिल्या उद्दिष्टाच्या जवळपासचंच काम चालू आहे.

पानांची ही वाटणी ठीक आहे का? उद्दिष्टं पटण्यासारखी आहेत का? आणि उपकरणं, पैसा यांबद्दल याच कागदात लिहायचं का?

अनुमान

आधी लांबी. जाहिरातीत मर्यादा दिली असेल तर ती काटेकोर पाळायची. दिली नसेल तर आकृत्या धरून तीन पानं, संदर्भयादी वेगळी. ११ पॉइंटचा फॉन्ट आणि चारी बाजूंना एक इंच समास. जागा वाचवायला फॉन्ट साडेनऊवर आणला तर वाचणाऱ्याच्या ते लगेच लक्षात येतं, आणि अर्जदाराला काय गाळावं हे ठरवता आलं नाही एवढंच त्यातून कळतं.

वाटणी उलटी करा. तीन पानांत झालेलं काम जास्तीत जास्त एक पान, उरलेली दोन पुढची योजना. पहिल्या चाळणीत एका अर्जाच्या वाट्याला थोडी मिनिटंच येतात आणि निवड समितीत तुमच्या नेमक्या विषयाचा माणूस असलाच तर एखादा. बाकीचे वनस्पती, चेतासंस्था, उत्क्रांती अशा विषयांतले. त्यांना पहिल्या अर्ध्या पानात चार गोष्टी मिळायला हव्यात: कोडं कोणतं, त्यातलं अजून काय माहीत नाही, तुम्ही त्यातला कोणता भाग सोडवणार, आणि ते तुम्हाला जमेल असं मानायला आधार काय. बिगर यांचा उल्लेख एका वाक्यात आटपा. उदाहरणार्थ: "पेनिसिलिनच्या माऱ्यातून थोडे जिवाणू वाचतात हे १९४४ पासून माहीत आहे, वाचलेली पेशी पुन्हा वाढायला कधी लागते आणि ते कशावरून ठरतं, हे मात्र नीट समजलेलं नाही." इथेच वाचणारा तुमच्या प्रश्नापाशी पोचतो.

झालेलं काम कालक्रमाने लिहू नका, तो क्रम सीव्हीत आहेच. प्रत्येक कामाला चार-पाच वाक्यं: प्रश्न काय होता, काय सापडलं, त्यामुळे पुढे काय शक्य झालं. पुढच्या योजनेला ज्याचा आधार नाही ते काम कितीही चांगल्या नियतकालिकात आलेलं असो, त्याला एक ओळ पुरे. आणि "आम्ही दाखवलं" असं सगळीकडे लिहू नका. सहा लेखकांच्या पेपरात तुम्ही काय केलं, हे समितीला तुमच्याकडूनच कळणार. "यंत्राची रचना आणि चित्रांचं विश्लेषण मी केलं, जनुकीय काम सहकाऱ्यांचं" असं सरळ लिहिलं की विश्वासही वाढतो.

समास

पानांपेक्षा मला उद्दिष्टांची जास्त काळजी वाटते.

तुमची तिन्ही उद्दिष्टं एकाच साखळीत आहेत. पहिल्यात जनुकं सापडली नाहीत, किंवा वीस-तीस सापडली आणि प्रत्येकाचा परिणाम किरकोळ निघाला (सुप्तावस्थेच्या बाबतीत हे सहज घडू शकतं), तर दुसरं सुरूच होत नाही आणि तिसऱ्याला तपासायला काही उरत नाही. समितीतल्या माणसाला तुमचा विषय येत नसला तरी ही साखळी दिसतेच. शिवाय दुसरं उद्दिष्ट रसायनं शोधण्याचं. त्याचा अनुभव तुमच्या अर्जात दुसरीकडे कुठे दिसला नाही तर तो परिच्छेद हवेत राहतो.

त्यात पहिलं उद्दिष्ट मेंटरच्या, म्हणजे पोस्टडॉकच्या मार्गदर्शकांच्या, लॅबचं. तिथे मोठा गट आहे, पैसा आहे, जिवाणूंचे तयार वाण आहेत. नव्या लॅबमध्ये दोन विद्यार्थ्यांना घेऊन त्याच प्रश्नावर त्यांच्याशी शर्यत कशी लावणार, हा प्रश्न मुलाखतीत हमखास येतो. म्हणून पेशी झोपी कशा जातात हे त्यांच्याकडे राहू द्या आणि तुम्ही जागं होणं घ्या. औषध धुऊन काढल्यावर काही पेशी लवकर विभाजन सुरू करतात, काही खूप उशिरा. हा फरक कशामुळे पडतो? मग उद्दिष्टं अशी मांडता येतील: (१) जागं व्हायला लागणारा वेळ पेशीगणिक किती बदलतो आणि औषध देण्याआधीच्या स्थितीवरून त्याचा अंदाज बांधता येतो का, (२) जागं होताना पेशी आधी काय दुरुस्त करते, आणि हा क्रम औषधागणिक बदलतो का, (३) बायोफिल्मच्या आतल्या थरात, जिथे अन्न आणि ऑक्सिजन कमी असतो, तिथे हेच चित्र दिसतं का. यंत्र तेच राहतं, पण एकाचं उत्तर नकारार्थी आलं तरी दुसऱ्याचं काम अडत नाही. काय तुमच्याबरोबर येणार आणि काय तिथेच राहणार, हे मेंटरशी आधी स्पष्ट बोला आणि ते शिफारसपत्रात एका वाक्यात यावं अशी विनंती करा. हे वाक्य नसेल तर स्टेटमेंटमधला स्वतंत्रपणाचा दावा एकतर्फी राहतो.

आता आकड्यांचं. ई. कोलाय या जिवाणूच्या साध्या (जनुकीय बदल नसलेल्या) वाणाच्या वाढत्या कल्चरमध्ये पर्सिस्टरचं प्रमाण लाखात एक धरा. मदर मशीनमध्ये एका प्रयोगात दहा हजार नळ्या आणि नळीत पाच पेशी म्हटल्या तरी होतात पन्नास हजार. म्हणजे एका प्रयोगात सरासरी अर्धी पर्सिस्टर! जाणकार हा हिशोब वाचता वाचताच करतो, म्हणून तो तुम्हीच मांडा आणि वाटही दाखवा. एक वाट हिपए७ म्युटंटची, म्हणजे एका जनुकातल्या बदलामुळे जास्त पर्सिस्टर तयार करणाऱ्या वाणाची. त्यात हे प्रमाण शेकड्यात एकाच्या आसपास जातं, म्हणजे त्याच यंत्रात पाचशे पेशी. नॅथली बालाबान यांच्या २००४ सालच्या कामात तो वापरलेला आहेच. पण "म्युटंटमधलं साध्या वाणाला लागू पडेल कशावरून?" ही शंका लगेच येते. दुसरी वाट अशी: १० मिलिलिटर कल्चरमध्ये मिलिलिटरला १० कोटी पेशी, म्हणजे एकूण १०० कोटी. आधी फ्लास्कमध्येच अँपिसिलिन द्यायचं, वाढत्या पेशी फुटतात, उरलेल्या दहा हजारांच्या घरातल्या पेशी धुऊन यंत्रात भरायच्या. यात औषधाआधीची स्थिती दिसत नाही, म्हणजे ही वाट दुसऱ्या उद्दिष्टाला चालेल, पहिल्याला नाही. एवढं चार ओळींत लिहिलंत तर "अडचणी आणि पर्याय" असा वेगळा मथळा लागतच नाही.

जिज्ञासा

खूप आभार. जागं होण्याचा मुद्दा मनापासून पटला, उद्दिष्टं त्यावरच बांधते. अजून एक विचारायचंय. अप्रकाशित कल्पना किती उघड करायची? आणि पैशाचं राहिलंच.

शाई

कल्पना उघड करायलाच हवी. ताकास तूर लागू न देता लिहिलेलं स्टेटमेंट पोकळ वाटतं. प्रश्न, तर्क आणि पद्धत पूर्ण सांगा. वाणाची नेमकी रचना, प्रायमर (प्रयोगात वापरायचे डीएनएचे छोटे तुकडे), पेटंटयोग्य तपशील एवढं बाजूला ठेवा. हाती प्राथमिक निष्कर्ष असतील तर शक्य तेव्हा प्रीप्रिंट (परीक्षणाआधीच ऑनलाइन ठेवलेला पेपर) टाका, म्हणजे तारीख तुमच्या नावावर नोंदली जाते आणि स्टेटमेंटमध्ये बिनधास्त दाखला देता येतो.

पैशाबद्दल: उपकरणांची किंमतवार यादी या कागदात नको. स्टार्टअपचं, म्हणजे नवी लॅब उभारायला संस्थेकडून मिळणाऱ्या पैशाचं, अंदाजपत्रक वेगळं असतं आणि ते बहुधा नंतर मागतात. पण सूक्ष्मदर्शक विभागाच्या सामायिक सोयीत आहे की तुमच्यासाठी नवा लागेल, हे एका वाक्यात लिहा, कारण त्यावर विभागाचा होकार अडू शकतो. प्रत्येक उद्दिष्टाच्या शेवटी ते कोणत्या प्रकारच्या अनुदानाकडे नेणार तेही एका ओळीत लिहा. अनुदान योजनेचं नाव घ्यायचं तर नव्या प्राध्यापकांना ती खुली आहे ना, हे तपासूनच. चुकीची योजना लिहिण्यापेक्षा न लिहिलेली बरी.

लांबीबाबत अनुमान यांच्याशी थोडा मतभेद आहे. मुख्यतः पदवीचं शिक्षण देणाऱ्या संस्थेत अर्ज करत असाल तर तीन पानंही जास्त होतात, दोन पुरे. तिथे वेगळं काही बघतात: एखादा विद्यार्थी एका सत्रात पुरा करू शकेल असे दोन-तीन तुकडे योजनेत आहेत का, महागडं उपकरण नसेल तेव्हा काय करणार. तुमच्या विषयात हे सोपं आहे. औषध दिल्यावर ठरावीक वेळाने नमुना काढून प्लेटवर किती वसाहती उगवतात ते मोजायचं, सूक्ष्मदर्शकाची गरजच नाही. त्यासाठी वेगळी आवृत्ती लिहा, मोठीच कापून लहान करू नका.

प्रत्येक विभागासाठी बदलायचा भाग एकच ठेवा, शेवटचा परिच्छेद. तिथल्या दोन-तीन गटांची नावं घ्या आणि प्रत्येकाबरोबर नेमकं काय करता येईल ते लिहा. "विभागातील उत्कृष्ट वातावरण" असलं वाक्य कुठल्याही अर्जात चालतं, म्हणून ते काढा. एका विद्यापीठाचं नाव दुसऱ्याच्या अर्जात राहून जाणं ही चूक फार वेळा होते. पाठवण्याआधी जुनं नाव फाइलमध्ये शोधून बघा.

आकृत्या दोन. पहिली पहिल्याच पानावर: कोडं काय आहे आणि तीन उद्दिष्टं त्यात कुठे बसतात ते दाखवणारी. दुसरी तुमच्या स्वतःच्या मोजमापाची. पेपरातली सहा भागांची आकृती तशीच चिकटवली तर अक्षरं वाचता येत नाहीत. एकच भाग घ्या, अक्षरं ८ पॉइंटच्या खाली नेऊ नका, आणि काळ्या-पांढऱ्या छपाईत रेषा वेगळ्या दिसतात का ते एक प्रत काढून बघा.

अनुमान

पदवी संस्थेसाठी दोन पानं, हे मान्य.

मथळ्यांचं राहिलं होतं. "मदर मशीन वापरून एकल-पेशी विश्लेषण" हा मथळा पद्धत सांगतो. "काही पेशी उशिरा का जाग्या होतात?" हा प्रश्न सांगतो, आणि नुसते ठळक मथळे वाचून पान उलटणाऱ्यालाही योजना कळते. पहिल्या दोन वर्षांत काय होईल ते बारकाईने, तिसऱ्या ते पाचव्या वर्षाचं ढोबळ, आणि त्यापुढची दिशा दोन-तीन वाक्यांत. महिन्यांचा तक्ता टाकू नका, तो अनुदानाच्या प्रस्तावात शोभतो.

मसुदा झाला की आधी तुमच्या विषयाबाहेरच्या एखाद्या शास्त्रज्ञाला फक्त पहिलं पान द्या, दहा मिनिटांनी परत घ्या आणि तुमचा प्रश्न काय आहे ते त्यांना तोंडी सांगायला लावा. जिथे ते अडखळतील तो परिच्छेद पुन्हा लिहा. अंतिम पीडीएफ शिफारसपत्र देणाऱ्यांना मुदतीच्या निदान तीन आठवडे आधी पाठवा, म्हणजे पत्रात जुन्या तीन उद्दिष्टांचं वर्णन आणि स्टेटमेंटमध्ये नवी, असं व्हायचं नाही.