संजीवनीच्या जागेत पुन्हा साखरच हवी का?

धागाकर्ता: धारबांदोड्याचा संजीवनी सहकारी साखर कारखाना हा गोव्यातील एकमेव साखर कारखाना. 2019-20 च्या हंगामापासून त्याच्या गव्हाणीत मोळी पडलेली नाही, म्हणजे गाळप झालेले नाही. खासगी भागीदारीतून तेथे इथेनॉलचा (इंधनात मिसळायच्या मद्यार्काचा) प्रकल्प उभारण्याचा सरकारचा मानस आहे. दुसरीकडे, 2021 च्या ऑक्टोबरमध्ये धारबांदोड्यातच राष्ट्रीय न्यायवैद्यक विज्ञान विद्यापीठाच्या संकुलाची पायाभरणी झाली. माझ्या मते साखरेचा हट्ट सोडून ही जागा शिक्षण आणि लघुउद्योगांना द्यावी. कारखाना चालू असतानाही गोव्याचा ऊस त्याला पुरत नसे व शेजारच्या राज्यांतून आणावा लागे. कच्चा माल बाहेरून आणून तोटा घरी ठेवण्याला सहकार म्हणायचे असेल, तर माझी हरकत नाही.

सांगेकर: आपण कारखान्याचा हिशेब मांडलात, शेतकऱ्याचा मांडला नाही. सांगे तालुक्यातील साळावली धरणासाठी ज्यांची गावे पाण्याखाली गेली, त्यांच्यापैकी अनेकांनी पुनर्वसनाच्या जागी ऊस धरला, तो जवळच गिऱ्हाईक आहे म्हणून. ऊस तोडल्यावर तो जितका वेळ पडून राहील तितके त्याचे वजन आणि उतारा (उसातून मिळणाऱ्या साखरेचे प्रमाण) घटतो, त्यामुळे गाळप बंद झाल्यावर अनमोड घाटातून कर्नाटकातील खानापूरकडे जाणाऱ्या ट्रकांत केवळ भाडेच वाढले, असे समजू नये. शिवाय एकदा लावलेल्या उसाचा खोडवा (तोडलेल्या बुंध्यातून पुन्हा फुटणारे पीक) पुढची वर्षे घ्यायचा असतो. सरकारचा विचार बदलला म्हणून शेत एका हंगामात मोकळे होत नाही.

धागाकर्ता: शेतकऱ्यांना सरकारने आधारभूत साहाय्य दिलेच आहे. त्याच पैशांत सुपारी, भाजी किंवा चाऱ्याकडे वळणे अशक्य नव्हते.

फोंड्याचा वाचक: साहाय्य हे नुकसानीवरचे मलम आहे, पिकाला बाजारपेठ नव्हे. आणि सुपारीला उत्पन्न सुरू होईपर्यंत पाच-सात वर्षे कुटुंबाने काय खावे? इथेनॉललाही माझा विरोध नाही, परंतु निविदा काढण्यापूर्वी उसाखाली किती जमीन उरली आहे, ते तालुकावार मोजावे. मद्यार्काचा कारखाना म्हटला की सांडपाणी आलेच, आणि खांडेपार नदीवरच्या ओपा प्रकल्पातून फोंडा व तिसवाडी तालुक्यांना पिण्याचे पाणी जाते. प्रक्रियेचा आराखडा आधी दाखवावा, मग भागीदार शोधावा.

सांगेकर: या अटी मान्य. त्यात एक आणखी घाला: जागेच्या कोणत्याही नव्या वापराचा ठराव ऊस उत्पादक सभासदांच्या सर्वसाधारण सभेसमोर यावा, सचिवालयातून थेट उतरू नये.