‘तालीम’ म्हटलं की कुणाच्या डोक्यात काय?

विद्यार्थी : एम. ए.ला तत्त्वज्ञान आहे. मूळचा पुण्याचा, सध्या कोल्हापुरात राजारामपुरीत राहतो. सतराव्या शतकातला इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉक, त्याचं म्हणणं असं की शब्द या बोलणाऱ्याच्या मनातल्या ‘आयडियां’च्या खुणा असतात, दुसऱ्या कशाच्या नाहीत. दोन शंका आहेत. इथे ‘आयडिया’ला मराठीत काय म्हणावं? कल्पना, संकल्पना की आणखी काही? दुसरी शंका रूमवरच्या मुलामुळे आली. तो म्हणाला, ‘आज आमच्या तालमीची मॅच हाय, शाहू स्टेडियमला चल.’ मी नाटकातला, मला तालीम म्हटलं की रंगीत तालीमच आठवते. मग त्या शब्दाचा अर्थ कुणाच्या मनातला धरायचा?

पेठकरी : भावा, पुण्यात मानाचा तिसरा गणपती गुरुजी तालमीचाच न्हवं? तिथं काय नाटक बसवत्यात व्हय? आमच्याकडं तालीम म्हंजे लाल माती, हौदा, जोर-बैठका. तीच तालीम गणपती बसवती, तीच फुटबॉलला टीम उतरवती. पाटाकडील, दिलबहार, बालगोपाल, सगळी तालीम मंडळंच. ह्यात मनातलं काय शोधायचं?

मास्तर : आधी सोपी शंका. ‘कल्पना’ रूढ आहे, पण मराठीत तिला ‘मनानं रचलेलं’ अशी छटा आहे. ‘ही नुसती कल्पना झाली’ म्हणतोच आपण. लॉकच्या शब्दात मात्र डोळ्यांना दिसलेला पिवळेपणा आणि जिभेला कळलेला कडवटपणाही येतो. ‘संकल्पना’ त्याहून अरुंद. मला ‘प्रत्यय’ जवळचा वाटतो. पतंजली पाणिनीच्या व्याकरणावरच्या महाभाष्याच्या आरंभीच विचारतो, ‘गौः’ (गाय) यात शब्द कोणता? जो उच्चारल्यावर गळ्याखालची पोळी, शेपूट, वशिंड, खूर आणि शिंगं असलेल्याचा ‘संप्रत्यय’, म्हणजे बोध होतो, तो. अडचण एवढीच की मराठीत प्रत्यय म्हटलं की पोरांना विभक्ती आठवते. तेव्हा उत्तरपत्रिकेत ‘कल्पना’च लिहा आणि लगेच खुलासा करा.

दुसरी शंका खरी मोलाची. मानवी आकलनावरच्या आपल्या ग्रंथात (शीर्षकपानावर १६९० साल आहे) लॉकनं सोन्याचं उदाहरण घेतलंय. एका पोरानं सोन्याचा फक्त चकाकता पिवळा रंग पाहिलाय, त्याला मोराच्या पिसाऱ्यातला तसला रंगही सोनंच. दुसरा त्यात वजन धरतो, तिसरा वितळणं, चौथा ठोकून पत्रा होणं. शब्द एक आणि प्रत्येकाचं सोनं वेगळं. ऐकणाऱ्याच्या मनातही आपलंच आहे असं माणसं गुपचूप गृहीत धरतात, हेही लॉकच सांगतो.

आता आपल्या सराफ बाजारात, गुजरीत जा. गिऱ्हाइकाच्या मनात कोल्हापुरी साज, सराफाच्या मनात कस नि तोळे-गुंजा, सोबत आलेल्या आजीच्या मनात मागं कधीतरी मोडाव्या लागलेल्या पाटल्या. तिघांच्या मनातलं जुळत नाही, तरी ‘सोनं दाखवा’ म्हटल्यावर सराफ पितळ काढत नाही. अर्थ नुसता मनातच असता तर हे दुकान योगायोगावर चाललं असतं. हिलरी पटनम या अमेरिकन तत्त्वज्ञानं १९७५ साली सोन्याचंच उदाहरण घेऊन मांडलं की भाषेतही श्रमविभागणी असते. सोनं घालणाऱ्या प्रत्येकाला ते पारखता यायला नको, समाजात पारखणारे असले की भागतं. त्याच्या कितीतरी आधी, १८९२ मध्ये, फ्रेगे या जर्मन तर्कशास्त्रज्ञानं मनातलं चित्र ज्याचं त्याचं म्हणून बाजूला काढलं होतं. मीही याच बाजूचा. चित्र मनात येतं, पण अर्थ ठरतो तो चारचौघांतल्या वापरावर. पतंजलीचा एक दाखला मला फार आवडतो. घडा हवा असला की माणूस कुंभाराच्या घरी जाऊन ‘घडा कर’ म्हणतो, पण शब्द वापरायचेत म्हणून वैयाकरणाच्या दारात कुणी ‘शब्द कर’ म्हणत जात नाही.

राहिली तालीम. मूळ अरबी, अर्थ शिकवण. त्यातून नाटकाचा सराव निघाला, तशी कुस्ती शिकायची जागाही. पुढचं काम लक्षणेचं, म्हणजे शब्दाचा सरळ अर्थ सोडून त्याच्याशी जोडलेला अर्थ घेण्याचं. ‘मञ्चाः क्रोशन्ति’, मचाणं ओरडतात, म्हणजे मचाणांवरची माणसं ओरडतात. तशी शाहू स्टेडियमची गॅलरी ओरडते आणि तालीम गोल करते. आता ते इतकं रुळलंय की पेठेतल्या पोराला मध्ये लाल माती आठवावीही लागत नाही.

विद्यार्थी : पण सर, मनात काहीच नसेल तर पोपटाची बडबड आणि माणसाचं बोलणं यात फरक काय राहिला? पोपटाचा दाखला लॉकनंच दिलाय.

मास्तर : तिथे लॉक भक्कम आहे. बोलणाऱ्याला काहीतरी म्हणायचं असावं लागतं, पोपटाला नसतं. मात्र ‘आवाजामागे मन हवं’ ही एक गोष्ट, आणि ‘त्या मनात जे असेल तोच शब्दाचा अर्थ’ ही दुसरी. पहिली मान्य केली म्हणून दुसरी गळ्यात पडत नाही. या दोन्ही एकत्र करू नका, पेपरात मार्क तिथेच जातात.

पेठकरी : मास्तर, मग ‘की’चं काय? ‘बस की’, ‘खा की’. ह्या ‘की’ची कल्पना कुठली दावायची?

मास्तर : तुम्ही वर्मावर बोट ठेवलंत. लॉकनं असल्या अव्ययांसाठी एक छोटा अध्याय वेगळाच काढलाय. त्याच्या मते ती कल्पनांची नावं नव्हेत, बोलताना मन कसं वळतं ते त्यांच्यातून दिसतं. ‘बस’ म्हटलं तर हुकूम झाला. ‘बस की’ म्हटलं की त्यात आग्रह आला, आणि ‘एवढा वेळ उभा का’ ही बारीकशी तक्रारही. तुमचं वरचं ‘न्हवं’ आणि ‘व्हय’ त्याच घरातलं.