सल्ला हवा: धाकट्याची डर्ट बाईक, बजेट २५ हजार, आधी काय घ्यावं?

तापीकाठ_शहादा
नमस्कार मंडळी. धाकट्या भावाने (वय २२) सेकंडहँड एक्सपल्स २०० (हिरोची कच्च्या रस्त्यावर चालणारी बाईक) घेतली आहे. दर रविवारी मित्रांबरोबर तोरणमाळच्या पायथ्याकडे जातो, कोरड्या नाल्यात नि मुरमाच्या चढावर गाडी घालतो. अंगावर काय, तर अर्धं हेल्मेट, टी-शर्ट आणि कॉलेजचे बूट. मागच्या रविवारी कोपर सोलवटून घरी आला. आई रोज सांगते, "जपीसन चाल." तो म्हणतो, "आम्ही कुठे स्पीडमध्ये असतो?" मी पंचवीस हजार बाजूला काढलेत. आधी काय घ्यावं? आणि मे महिन्याच्या ४४ डिग्रीत हे सगळं अंगावर सोसतं का?

सातपुडा_चोपडा
दादा, हेल्मेट तर घ्यालच, पण त्याच दिवशी बूटही घ्या. बाकीचं महिन्याभराने आलं तरी चालेल.

माझं सांगतो. उनपदेवच्या बाजूचा कोरडा नाला, गोल गोटे, वेग फार तर १५. पुढचं चाक गोट्यावरून घसरलं, सवयीने पाय टेकला आणि दीडशे किलोची गाडी फूटरेस्टसकट घोट्यावर आली. पायात पळायचे बूट होते. वाळकी काटकी मोडावी तसा आवाज मला स्वतःला ऐकू आला. प्लेट, सहा स्क्रू, चार महिने खाटेवर. त्या वर्षी कापसाची वेचणी वडिलांनी एकट्याने उरकली, ते मला अजून लागतं.

पुढच्या वर्षी अगदी तसाच पडलो. या वेळी पायात मोटोक्रॉसचे (मातीतल्या बाईक शर्यतीचे) बूट होते. एक बक्कल वाकलं, आतल्या बाजूच्या प्लास्टिकवर बोटभर लांब चरा उठला. पाय ओढून काढला, गाडी उभी केली नि निघालो. ते वाकलेलं बक्कल मी मुद्दाम बदललेलं नाही.

स्पीड नसतो हे भावाचं खरं आहे. पण मातीत गाडी अंगावर पडते, आणि त्याला स्पीड लागत नाही. बूट नडगीपर्यंत उंच हवा, घोटा आडवा मुरगळणार नाही इतका ताठ हवा. पहिले आठ दिवस गिअर टाकलेला पायाला कळत नाही. गिअरचा लिव्हर जरा वर बसवून घ्या आणि आधी मोकळ्या रानात सराव करू द्या.

हेल्मेट: हनुवटी पुढे निघालेलं, वर टोपीसारखी झडप असलेलं, सोबत गॉगल. चढावर माणूस धापा टाकतो, तेव्हा तोंडापुढची ती मोकळी जागा लागते. आयएसआय शिक्का (आयएस ४१५१) पाहिजेच, ईसीई २२.०६ (हेल्मेटचं युरोपातलं मानक) असेल तर उत्तम. गाल दाबले गेले पाहिजेत, पट्टा लावून मान हलवली तर हेल्मेट डोक्यावर फिरता कामा नये. जुनं कुणाचं घेऊ नका. आतला थर्मोकोलसारखा थर एकदा दबला की परत फुगत नाही, आणि बाहेरून ते दिसतही नाही.

फिजिओ_जळगाव
वरच्या दादांच्या बोलण्यात गुडघ्याची भर घालते. माझ्याकडे येणारी पोरं बहुतेक गुडघा, मनगट नाहीतर गळ्याजवळचं हाड मोडून येतात. पडताना हात पुढे जातोच, तो कुणालाच आवरत नाही. अंगठ्याच्या बुडाशी मनगटात एक छोटं हाड असतं, त्याला रक्तपुरवठा कमी, त्यामुळे मोडलं की जुळायला महिने लागतात. ग्लोव्ह्जने प्रत्येक फ्रॅक्चर टळेल असं मी म्हणणार नाही, पण तळहाताची सालटी निघत नाहीत आणि बराच मार शोषला जातो.

नी-गार्ड घेताना दोन पट्टे गुडघ्याच्या वर आणि दोन खाली असलेला बघा. तो घालून दुकानातच दहा उठाबशा काढायला लावा. गार्डची वाटी जागची हलली तर पडताना ती बाजूला सरकणार आणि गुडघा उघडा पडणार. पॅडवर सीई (युरोपातला सुरक्षेचा शिक्का) लेव्हल १ किंवा २ लिहिलेलं असतं. २ मध्ये धक्का शरीरापर्यंत कमी पोचतो. काहीच लिहिलेलं नसेल तर ते नुसतं प्लास्टिक समजा.

केळीबाग_यावल
उन्हाचं मी सांगतो. चामडी जॅकेट आपल्या भागात घेऊच नका. जाळीचं बॉडी आर्मर मिळतं: छाती, पाठ, खांदे, कोपर सगळं एकात, वरून सैल जर्सी. आतला बनियन ओला करून घालायचा, गाडी चालती असेपर्यंत गार वाटतं. आम्ही पहाटे साडेपाचला निघतो, दहाला घरी. पाठीवर दोन लिटर पाण्याची पिशवी, परत आल्यावर मीठ घातलेलं ताक. उकडतंय म्हणून गिअर (अंगावरचं हे संरक्षक सामान) काढायचं नाही, गाडी थांबवून सावलीला बसायचं.

आणि यावल अभयारण्यात परवानगीशिवाय गाडी घालू नका, पेरलेल्या शेतातूनही नाही.

धुळे_लळिंग
भाऊला सी. एस. संतोषबद्दल सांगा. आपल्याकडचा अनुभवी डकार रायडर (डकार म्हणजे वाळवंटातली अनेक दिवसांची शर्यत). जानेवारी २०२१ मध्ये सौदीत पडला, डोक्याला मार, हेलिकॉप्टरने रियाधला नेलं, डॉक्टरांनी औषधाने कोमात ठेवलं. बरा होऊन घरी आला. त्याच वर्षापासून डकारमध्ये मोटारसायकलवाल्यांना एअरबॅगचं जॅकेट सक्तीचं आहे. इतक्या कसलेल्या माणसांनाही गिअर लागतं, तर मग शिकाऊ पोराने नको का म्हणावं?

तापीकाठ_शहादा
सगळ्यांचे मनापासून आभार. भावाला शेजारी बसवून वाचायला लावलं. घोट्याच्या आवाजापाशी गप्प झाला. असं ठरवलंय: बूट नऊ-दहा हजार, हेल्मेट नि गॉगल मिळून सहा, आर्मर पाच, नी-गार्ड नि ग्लोव्ह्ज उरलेल्यात. एक शंका: बूट नेहमीच्याच मापाचे घ्यावेत का?

सातपुडा_चोपडा
जाड, गुडघ्यापर्यंतचे मोजे घालून दुकानात जा आणि संध्याकाळी जा, तेव्हा पाय जरा सुजलेला असतो. टाच उचलली जाता कामा नये, बोटं मात्र हलली पाहिजेत. ऑनलाईन मागवू नका. आणि सगळं येईपर्यंत गाडीची चावी तुमच्याकडे ठेवा.

तापीकाठ_शहादा
चावी आईने कालच घेतली. रविवारी दोघं धुळ्याला जातोय.